बुधवार-गुरुवारची मळी

मी एक जुनी गाय आहे. माझ्या डाव्या कुशीला झाकणाची खिडकी आहे, म्हणून विद्यापीठात सगळे मला 'खिडकी' म्हणतात. कागदोपत्री माझे नाव सतरा नंबर. मित्रांनो, आपले आयुष्य जन्मापासून सांगायचे असते हे मला ठाऊक आहे. पण मला आधी एक पत्र आठवते. ते मला आलेले नव्हते. गोठा सांभाळणाऱ्या काकांना आले होते. माझ्या पुढ्यात बादली पालथी घालून ते बसले, एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी ते मोठ्याने वाचले, चार घड्या घातल्या आणि माझ्या गव्हाणीवरच्या वैरणीच्या तक्त्यामागे खोचून दिले. उत्तर लिहिले नाही. तो कागद आठ वर्षे तिथेच होता.

त्यात काय होते ते कळायला थोडे मागे जावे लागेल. माझे सांगणे पुढेमागे होईल, सांभाळून घ्या. रवंथ करणाऱ्याला गोष्ट एका दमात येत नाही. शिवाय माझे बोलणे कुणाला ऐकावेसे वाटेल की नाही, याची मला आधीपासूनच शंका आहे.

माझा जन्म विद्यापीठाच्याच शेतावरचा. विद्यापीठ एवढे मोठे, की त्याच्या आवारात बस धावते आणि गोठ्याच्या फाटकाशी त्याची स्वतःची टपालपेटी आहे. मी चार वर्षांची झाले तेव्हा डॉक्टरांनी मला उभ्याउभ्याच भूल दिली, कुशीची कातडी बशीएवढी गोल कापली, आतल्या पोटाची कड तिला शिवली, त्यात रबरी कडे बसवले आणि वर झाकण लावले. गाईच्या पोटात काय चालते ते गाईला विचारून समजत नाही, म्हणून हा उद्योग. ज्याला बघायचे त्याने झाकण काढावे आणि हात घालावा. "हिला दुखत नाही," असे पाहुण्यांना सांगतात. जखम भरल्यावर दुखत नाही, हे खरे आहे. फक्त मला विचारून कुणी ते सांगितलेले नाही.

वर्षातून एक दिवस विद्यापीठाची सगळी दारे लोकांसाठी उघडी असतात. त्या दिवशी तुमच्याएवढ्या मुलांची रांग माझ्यापासून रस्त्यापर्यंत लागे. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून एकेक जण आत हात घाली.

"ई, गरम आहे!"

"माझं घड्याळ आत पडलं तर?"

"मग गाय वेळेवर दूध देईल," असे एक विद्यार्थी म्हणाला, आणि पुढे चार वर्षे दरवर्षी तोच विनोद झाला. माझा फोटो माहितीपुस्तिकेवर छापला होता. मोठमोठे पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. माझे कौतुक होते ते एवढे.

काका तेव्हा रोजंदारीवर होते. मला 'बाळ' म्हणत. माझ्या पाठीवरच्या माश्या ते फडक्याने हाकलत, फडके नसले तर स्वतःच्या टोपीने. माझ्यावर जीव होता त्यांचा. हे मी पुढचे सगळे लक्षात ठेवून सांगते आहे.

मग ती आली. पीएचडीची विद्यार्थिनी होती. गळ्यात दोरी, दोरीला पंजाएवढ्या नायलॉनच्या थैल्या, म्हणून तिचे नाव थैलीवाली पडले. गव्हाचे वाळके काड जनावराला नीट पचत नाही. त्यावर तिने एक प्रक्रिया शोधली होती, त्या प्रक्रियेमुळे ते पचेल असे तिचे म्हणणे. थैल्यांत ते काड मोजून भरायचे, थैल्या खिडकीतून माझ्या पोटात सोडायच्या, दोन दिवसांनी ओढून काढायच्या, धुवायच्या, वाळवायच्या आणि पुन्हा तोलायच्या. जेवढे वजन घटले तेवढे पचले. सहा आठवडे मी फक्त तेच काड खायचे आणि साधे पाणी प्यायचे, ही अट.

"काका, हिला दुसरं काही म्हणजे काही द्यायचं नाही हं. पानसुद्धा नाही."

"नाही देणार, ताई."

"माझी चार वर्षं हिच्या पोटात आहेत."

"मग जपूनच ठेवेल ती," काका म्हणाले, आणि दोघे हसले.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या बरगड्या दिसू लागल्या. बुधवारी आणि गुरुवारी संध्याकाळी थैलीवालीला धाकट्या वर्गाचे प्रात्यक्षिक घ्यावे लागे, तेव्हा ती गोठ्यावर येत नसे. एका बुधवारी काकांनी कोठारातल्या पिंपातून डबाभर मळी आणली. मळी म्हणजे साखर काढल्यावर उसाच्या रसाचा जो काळा, दाट, गोड पाक उरतो तो. त्यांनी ती माझ्या बादलीत ढवळली.

"पी, बाळ. शिकल्यासवरल्यांना भूक कशाशी खातात ते कुठून कळणार?"

मी प्यायले. गुरुवारीही प्यायले. पुढच्या बुधवारी त्यांची पावले वाजताच मी हंबरले. हे मला लपवता येत नाही. पहिल्यांदा त्यांनी दिली, पण नंतर मागितली मी.

मळीचा मागमूस राहत नाही. ती विरघळते आणि जाते. पण माझ्या पोटातले जे बारीक जंतू काड पचवतात, ते गोडावर तुटून पडले आणि काड तसेच राहिले. सोमवारच्या थैल्या हलक्या निघत, शुक्रवारच्या जड. थैलीवाली तीच तीच थैली तीनतीनदा तोले आणि आकडा जसा निघेल तसा वहीत लिही.

तिचे मार्गदर्शक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी एका परिषदेत या काडाचा निकाल आधीच जाहीर करून टाकला होता. वही घेऊन ते एका सकाळी गोठ्यात आले. बरोबर पाचसहा विद्यार्थी होते.

"शुक्रवारचे आकडे काढून टाक."

"कारण सापडल्याशिवाय कसे काढू, सर?"

"कारण मी सांगतोय. थैल्यांची अदलाबदल केलीस तू. झोप लागत असेल काम करताना."

"आकडे खरे आहेत, सर. हिला कुणीतरी काहीतरी देतंय. परवा हिच्या तोंडाला गोड वास येत होता."

मोठे सर काकांकडे वळले. "काय हो, देता का काही हिला?"

काकांनी टोपी काढली आणि परत घातली. "नाही साहेब. तक्त्यावर लिहिलंय तेवढंच."

"ऐकलंस? आता गाईलाच विचार."

सगळे हसले. धाकट्या वर्गातला तो घड्याळाचा विनोद करणारासुद्धा हसला. थैलीवालीने खरोखरच माझ्याकडे पाहिले. मी रवंथ करत होते. मित्रांनो, माझ्या पोटाला खिडकी आहे, आत कोपरापर्यंत हात घातलेली माणसे तिथेच उभी होती, आणि मला एक शब्दही बाहेर काढता आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिला गोठ्यात यायची मनाई झाली. निष्काळजीपणा आणि कर्मचाऱ्यावर खोटा आरोप, असे दोन ठपके तिच्यावर ठेवले होते. चौकशी समितीची बैठक वीस तारखेला ठरली. तेव्हा तिने काकांना ते पत्र टाकले. मी ते एकदाच ऐकले, पण पाठ आहे.

'काका, तुम्हाला विचारायला लाज वाटते. पण तुमच्याशिवाय कुणाला विचारू? सतरा नंबरला तुम्ही वरचं काही दिलंत का? दिलं असेल तर मी रागावणार नाही. मायेनंच दिलं असेल. बुधवारी आणि गुरुवारी दिलं असावं, असं आकडे सांगतात. वीस तारखेच्या आत दोन ओळी लिहून पाठवा. नाहीतर माझं नाव काढून टाकतील. माझा पत्ता: मुलींचं वसतिगृह, खोली एकेचाळीस.'

वसतिगृह गोठ्यापासून दोनशे पावलांवर होते. काकांच्या घरच्या वाटेवरच.

"बुधवार-गुरुवार," काका पुटपुटले. "वारसुद्धा ओळखले गं हिनं." मग बराच वेळ त्यांनी माझी गव्हाण झाडली. झाडण्यासारखे तिच्यात काही नव्हते. "बाळ, मला कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर पडलाय. ताई शिकलेली आहे, तिला हजार वाटा. मला कोण ठेवणार? आणि मी काय चोरी केली? भुकेल्या जिवाला पाजलं." सोळा तारखेला ते म्हणाले, "उद्या लिहितो." सतराला म्हणाले, "उद्या नक्की." वीस तारखेला त्यांनी सबंध गोठ्याला चुना दिला.

तिचे नाव काढले. शिष्यवृत्ती बंद, खोली दोन दिवसांत रिकामी करायची. बावीस तारखेला ती ट्रंक घेऊन बसथांब्याकडे निघाली आणि वाटेत फाटकाशी थांबली.

"काका, माझं पत्र मिळालं का?"

"कुठलं पत्र, ताई?"

तक्ता त्यांच्या खांद्याला लागून होता. कागदाचा कोपरा बाहेर आलेला मला दिसत होता.

"असू दे. टपालात गहाळ झालं असेल. मिळालं तर इथल्या पत्त्यावर लिहू नका, मी घरी चाललेय. ऑफिसातल्या रजिस्टरात घरचा पत्ता लिहून दिलाय. उशिरा का होईना, पाठवा. तुमच्या दोन ओळी असल्या तर मला पुन्हा अर्ज करता येईल."

"पाठवीन की."

ती फाटकातून वाकली आणि माझ्या मानेवरून हात फिरवला. "हिला जपा, काका. माझ्यापायी हाडं वर आलीत हिची."

काका महिनाभरात कायम झाले. त्या संध्याकाळी त्यांनी मला दोन डबे मळी पाजली.

थैलीवालीचे काम मोठ्या सरांनी एका तरतरीत मुलाला दिले. तो आधी आलेख काढी आणि मग थैल्या तोली. शुक्रवारचे आकडे त्याला कधीच नडले नाहीत. पदवीदान समारंभाला त्याला सुवर्णपदक मिळाले. मला साबणाने धुऊन मैदानात नेले आणि त्याच्याशेजारी उभे केले. टाळ्या बऱ्याच झाल्या. त्या प्रक्रियेचे काड आज कुठेही कुणी जनावरांना घालत नाही, कारण त्याच्या आलेखात दाखवले तसे ते पचत नाही. कुठे चुकले ते जिला शोधायचे होते तिला तर घालवून दिले होते.

पुढे माझे दिवस फिरले. रबरी कडे सैल झाले, कडेने पाणी झिरपू लागले, माश्या बसू लागल्या. नव्या गाई आल्या, त्यांना पारदर्शक झाकणे बसवली. उघड्या दिवशी मुले मला पाहून नाक धरत. काकांचे गुडघे गेले होते, माश्या हाकलायला टोपी हलवायचेही कष्ट होत. गेल्या महिन्यात माझे नाव निकामी जनावरांच्या यादीत लागले. मित्रांनो, कुशीला भोक असलेली गाय दुधासाठी कुणी नेत नाही. मग कशासाठी नेतात ते मी सांगत नाही. कसायाला गाय धार्जिणी म्हणतात ना, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत. गाडी सोमवारी येणार आहे.

योगायोगाने काकांच्या निवृत्तीचा दिवस परवाच झाला. सभागृहात त्यांचा सत्कार झाला. 'एका शब्दानेही कधी तक्रार नाही,' असे मोठे सर भाषणात म्हणाल्याचे इथपर्यंत ऐकू आले. संपल्यावर काका फुलांचा गुच्छ घेऊन गोठ्यात आले. गुच्छ त्यांनी माझ्या पुढ्यात टाकला. फुले मी खाल्ली. मग बादली पालथी घालून ते बसले, तक्त्यामागून पिवळा पडलेला तो कागद काढला आणि वैरणीच्या तक्त्याच्या एका जुन्या कागदाच्या पाठीवर लिहू लागले. लिहिता लिहिता शब्द तोंडाने म्हणत होते.

"ताई. दिलं होतं. बुधवारी आणि गुरुवारी. डबाभर मळी. तुमचे आकडे खरे होते."

लिहिलेले पाकिटात घालून वर त्यांनी पत्ता घातला: मुलींचं वसतिगृह, खोली एकेचाळीस.

नव्या गाईंवर काम करणारी एक मुलगी थैल्या धुवत होती. तिने हात पुसत पाकीट पाहिले.

"काका, तिथं आता कुणी राहत नाही. परीक्षा विभागाची गोदामं झालीत तिथं. जुन्या विद्यार्थिनी का कुणी?"

"हो. जुन्या."

"मग ऑफिसातल्या रजिस्टरात घरचा पत्ता असेल. मी आणते ना, पाच मिनिटं लागतील."

"नको, नको," काका घाईने म्हणाले. "तेवढ्यासाठी कुणाला त्रास कशाला?"

मित्रांनो, धडा सांगण्याइतकी मी शहाणी नाही. तरी सांगायची रीत आहे, म्हणून सांगते. मुक्या जनावरावर माया जरूर करा, पण तिची किंमत दुसऱ्या कुणाला भरावी लागत नाही ना, ते आधी विचारा. भरावी लागलीच, तर विचारायला आलेल्या माणसाला त्याच दिवशी खरे सांगा. मला वाचा असती तर मी सांगितले असते, असे मी आठ वर्षे स्वतःला समजावत आले. वाचा असलेल्या माणसाला पाहिल्यावर त्याचीही खात्री वाटत नाही.

मुलगी पुन्हा थैल्या धुवायला गेली. काका गुडघ्यावर हात टेकून उठले. फाटकाशी जाऊन त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकले, ते आत गेले की नाही हे बोट घालून पाहिले, आणि टोपी नीट करून घराच्या वाटेला लागले.