खाराच्या रांजणाला आलेला संशय

मित्रांनो, बसा. पण जरा लांबच बसा. तुमच्यापैकी कुणाच्या खिशात काय आहे ते मला इथूनही कळते. मातीचा, गरगरीत पोटाचा, वयाने म्हातारा असा हा रांजण स्वभावाने फार संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे तुमचा गैरसमज नको.

जिरीसान डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथल्या एका घराच्या परसात दगडी ओटा आहे आणि त्या ओट्यावर माझी जागा आहे. माझ्या पोटात सोयाबीनचा खार मुरतो. घरातले सार, भाजी, मासळी, सगळ्याला चव येते ती या खाराने. माझ्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे आहेत. त्यांतून मी श्वास घेतो. कोण आले, कोण गेले, कोण घाबरले आहे, कोण काय लपवते आहे, सगळ्याचा वास मला लागतो. ज्याला एवढे कळते, तो भोळा कसा राहील?

माझा जन्म कांगजिनच्या एका कुंभाराच्या हातून झाला. त्याने मला बडवले, राखेचे पाणी फासले आणि भट्टीत घातले. बाहेर निघाल्यावर माझे कौतुक होईल असे मला वाटले होते. झाले उलटेच. जो येई तो मला बोटाने ठोकून बघे आणि मान हलवून पुढे जाई. शेवटी एक नवी नवरी आली. तिचे नाव मालसुन. तिने मला ठोकले नाही. सरळ माझ्यात डोके घातले आणि आत 'ओऽऽ' असा आवाज काढला. आवाज घुमला तशी ती खुदकन हसली आणि नवऱ्याला म्हणाली, "हाच न्यायचा." ती आत डोके घालून काय शोधत होती, याचा मला पुढे पुष्कळ दिवस संशय होता.

त्यानंतर बेचाळीस वर्षे मालसुनने माझ्यात खार घातला. दर वर्षी कडाक्याच्या थंडीत ती माझ्या पोटात गवत जाळून मला धुरी द्यायची. उकडलेल्या सोयाबीनच्या, बुरशी आलेल्या विटा आत रचायची. मिठाच्या पाण्यात अंडे सोडायची. अंड्याचा नाण्याएवढा भाग वर तरंगला की पाणी बरोबर. मग निखारा आणि लाल मिरच्या टाकायच्या, माझ्या गळ्याला गवताची दोरी बांधायची आणि पोटावर कागदाचा कापलेला पायमोजा उलटा चिकटवायचा, म्हणजे वाईटसाईट काही आत शिरत नाही. पुढे रोज एकच काम. ऊन पडले की झाकण काढायचे आणि आभाळ आले की घालायचे. हे काम सोपे दिसते. करून बघा.

गावातल्या बायका वाडगे घेऊन यायच्या. "मालसुनच्या हाताला चव आहे," म्हणायच्या. हात तिचा आणि पोट माझे, पण माझे नाव कुणी घेत नसे. असो. येत नसे ती फक्त कुंपणापलीकडची शेजारीण, माहेर नामवॉनचे म्हणून नामवॉनवाली. तिच्याकडे चार रांजण होते आणि तोरा चाळीस रांजणांचा होता. तिचा खार आणि आमचा खार यांवरून दोघींत बेचाळीस वर्षे अबोला नव्हता इतकेच, बाकी सगळे होते.

मग दिवस पालटले. दुकानात प्लॅस्टिकच्या डब्यांतून खार मिळू लागला. माझे जातभाई गावभर पालथे पडले. एकाच्या पोटात तर माती भरून फुलझाडे लावलेली मी पाहिली. तेव्हापासून कुणी माझ्याकडे रोखून बघितले की मला फुलांची धास्ती वाटते.

अशा दिवसांत सून घरात आली. मालसुनचा मुलगा गिलसू बस चालवतो. त्याने राजधानी सेऊलमधली मिरान लग्न करून आणली. पहिल्याच दिवशी ती ओट्यापाशी येऊन म्हणाली, "केवढा मोठा आहे हो!" मी मनात म्हटले, आता ही मापे घेणार, मग माती आणणार आणि मग फुले.

तिसऱ्या वर्षी मालसुनचा खांदा धरला. हात डोक्यावर जाईना. त्याच महिन्यात गिलसूच्या पोटाचे दुखणे निघाले. जठराचा एक तुकडा कापून काढावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. खार घालायचा दिवस आला तशी मालसुन सुनेला म्हणाली, "यंदा हात तुझा."

"आई, मला नाही जमायचं. बिघडला तर?"

"खार बिघडला की घराचं काहीतरी बिघडतं. म्हणून बिघडू द्यायचा नाही."

"असं सांगू नका ना. नेमकं यंदा?"

"यंदा म्हणूनच सांगते. तो दवाखान्यातून येईल तेव्हा त्याला घरचंच लागेल. बाहेरचं त्याच्या घशाखाली उतरत नाही, लहानपणापासून खोड आहे मेल्याला."

मिरानने खार घातला. तीनदा अंडे सोडले. दोरी बांधली, पण तिची गाठ वाकडी बसली, शेंडी डोळ्यावर आल्यासारखी. मालसुनने ती पाहिली आणि तशीच राहू दिली. मला मात्र ती गाठ पसंत पडली नाही. जिला गाठ सरळ मारता येत नाही, तिच्या हाती घराचे पोट द्यायचे?

माझा संशय महिन्याभरात खरा ठरला. एका दुपारी मालसुन खांदा चोळून घ्यायला वैद्याकडे गेली होती, ती रात्रीच परतणार होती. मिरानने माझे झाकण काढले आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, कागद घेऊन लगेच या, असे हॉस्पिटलचे सांगणे होते. ती तशीच धावली. अर्ध्या तासात आभाळ भरून आले. मी उघडा. पाऊस सगळी दुपार माझ्या पोटात पडत होता आणि माझ्या आयुष्यात मी इतका लाचार कधी झालो नव्हतो.

संध्याकाळी मिरान परतली.  मला बघून तिने कुंपणाकडे बघितले, घराकडे बघितले आणि मुठीमुठीने मीठ माझ्यात टाकू लागली. झाकण घातले, ओटा पुसला आणि सासूला काहीच सांगितले नाही. मी म्हटले, बघा! ही लपवते आहे. हिने मुद्दामच केले असणार. म्हातारीचा खार नासवायचा आणि प्लॅस्टिकचे डबे घरात आणायचे.

मिठाचा काही उपयोग झाला नाही. दहा दिवसांत माझ्या पोटातून आंबूस, घाणेरडा वास यायला लागला. मिरान रोज सकाळी यायची, झाकण किंचित उचलायची, पांढरीफटक पडायची आणि घाईने घरात जायची. मग ऑपरेशनसाठी ती गिलसूला घेऊन मोठ्या शहरात गेली.

त्यांची बस सुटली असेल नसेल, तोच मालसुन ओट्यावर आली. तिने झाकण काढले. वास घेतला.  मग म्हणाली, "अरे देवा. नेमकं आत्ता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एका हाताने, वाडग्यावाडग्याने मला रिकामा केला. घासला. गवत जाळून धुरी दिली. माझी खात्री पटली की संपलो मी. सून परवडली, ही तर बेचाळीस वर्षांची सोबतीण! मी फुलांची वाट बघू लागलो. फुलांऐवजी कुंपणापाशी मालसुनचा आवाज आला.

"आहेस का गं घरात?"

"बाई बाई, मालसुन! आणि बादली घेऊन?" नामवॉनवाली बाहेर आली. "बेचाळीस वर्षं माझ्या खाराला नाक मुरडलंस. आज वाट चुकलीस की काय?"

"मुरडलं. आता तू मुरड हवं तर. पण एका रांजणाचा खार दे. विटांसकट दे."

"विटांसकट? म्हणजे तुझा..." नामवॉनवाली थांबली. तिचा आवाज एकदम खाली आला. "गिलसूचं ऑपरेशन कधी?"

"उद्या."

 मालसुनच्या हातातली बादली नामवॉनवालीने ओढून घेतली आणि स्वतः खेपा घालून मला गळ्यापर्यंत भरले. जाताना म्हणाली, "मी कुणाला सांगायची नाही."

"सांगितलंस तरी चालेल."

"नाही म्हटलं ना! मला काय दुसरे विषय नाहीत?"

दुपारपर्यंत ही बातमी बसथांब्यावर पोचणार, याबद्दल मला शंका नव्हती.

आणि मग मालसुनने जे केले, ते मला मुळीच कळले नाही. तिने नवी दोरी घेतली आणि तिच्या सवयीची सुबक, सरळ गाठ मारली. ती सोडली. पुन्हा बांधली, वाकडी. ती नीट बघितली, पुरेशी वाकडी नाही असे वाटून पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा थेट मिरानसारखी गाठ जमली. कागदी मोजासुद्धा तिने मिरानच्या मोज्यासारखाच तिरका चिकटवला. मी थक्क झालो. ही तर चक्क फसवणूक! पण कुणाची आणि कशासाठी?

ऑपरेशनच्या दिवशी मालसुन सकाळपासून ओट्यावर माझ्या पोटावर हात ठेवून बसून होती. पाणीसुद्धा प्यायली नाही. तिच्या तळहाताला घाम सुटला होता. फोन आला तेव्हा ऊन उतरले होते. "बरा आहे? खरंच बरा आहे?" एवढेच ती चारदा म्हणाली.

दोन आठवड्यांनी गिलसू घरी आला. त्याला अंथरुणावर निजवून मिरान अंगावरच्या प्रवासाच्या कपड्यांनिशी बादली घेऊन धावत माझ्याकडे आली. सासूला कळायच्या आत मला रिकामा करायचे, हे तिच्या मनात होते, ते मी ओळखले. तिने झाकण काढले आणि तिची बादली हातातून सुटली. खार स्वच्छ, काळसर, गोडसर वासाचा. तिने दोरीची गाठ बघितली. ती तिचीच होती. मोजा तिचाच. तिने बोट बुडवून चाटले आणि घाबरून माझ्याकडे बघितले. आता ती माझ्यावर संशय घेत होती.

त्यानंतर घरात फार विचित्र दिवस गेले. "आई, तुम्ही घ्या आधी." "नाही गं, तू घे." दोघी एकमेकींशी इतक्या गोड वागू लागल्या की मला अस्वस्थ वाटे. दोघींच्या पोटात काहीतरी होते आणि मी मध्ये बसलो होतो.

उन्हाळा लागला तेव्हा डॉक्टरांनी गिलसूला घरचे सार प्यायची परवानगी दिली. मिरानने माझ्यातला खार नेला, समुद्रशेवाळाचे सार केले आणि ओट्यासमोरच्या पडवीत पाट मांडला. दोघी त्याच्या तोंडाकडे बघत बसल्या. गिलसूने एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मग म्हणाला, "हा नामवॉनवालीचा खार आहे."

"काहीतरीच! गुमान पी," मालसुन म्हणाली.

"आई, तू शेतावर गेलीस की मी तिच्याकडेच जेवायचो. जठर कापलंय माझं, जीभ नाही."

 मग मिरानने चमचा खाली ठेवला.

"मी झाकण उघडं टाकलं, आई. हॉस्पिटलचा फोन आला नि मी तशीच पळाले. सगळा पाऊस आत गेला. तुम्हाला सांगायचं धाडसच झालं नाही. वाटलं, यांना काही झालं तर ते माझ्यामुळं..."

"माहीत आहे मला," मालसुन म्हणाली. "तुम्ही गेलात नि मी झाकण काढलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू तिथं त्याच्या उशाशी. त्यात हे ओझं देऊ तुला?"

गिलसू एकदा आईकडे आणि एकदा बायकोकडे बघत राहिला. "थांबा. म्हणजे मला तिकडं टेबलावर कापत होते, तेव्हा तुम्ही दोघी मी मेलोच असं धरून बसला होतात?"

दोघींनी माना खाली घातल्या, तसा गिलसू म्हणाला,

"खार नासला ना? आणि मी इथं बसून साराला नावं ठेवतोय. काय बिघडलं घराचं, सांगा बरं!"

मालसुन हसायला लागली. हसता हसता तिने पदराने तोंड झाकावे तसे दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि ती रडू लागली. "दिवसभर बसले होते गं त्या रांजणापाशी. एकटी."

"मीसुद्धा, आई," मिरान म्हणाली. "तिथल्या बाकड्यावर. एकटीच."

मला त्या क्षणी माझीच लाज वाटली, मित्रांनो. जी नासवते म्हणून मी सांगत होतो, ती भीतीने अर्धी झाली होती. जी फसवते म्हणून मी सांगत होतो, तिने बेचाळीस वर्षांचा तोरा बादलीत घालून कुंपणापलीकडे नेला होता, आणि तोही सुनेला कळू नये म्हणून. आणि ती नामवॉनवाली! मी सगळी छिद्रे उघडी ठेवून ऐकत होतो, पण गावात या गोष्टीचा एक शब्दही निघाला नाही.

मालसुनने डोळे पुसले आणि सुनेला विचारले, "तू जेवलीस का?"

"हो, आई. मघाशीच."

मालसुनने वाकून तिच्या वाडग्यात बघितले. भात तसाच होता, शीतसुद्धा हललेले नव्हते. तिने त्यावर सार ओतले, चमचा सुनेच्या हातात दिला आणि तो वाडगा संपेपर्यंत समोरून उठली नाही. वाडगा संपल्यावर मिरानने इकडेतिकडे बघितले. "आणि तुमचा वाडगा कुठाय, आई?"

मालसुनने स्वतःसाठी वाडगा घेतलाच नव्हता.

मित्रांनो, माझा संशयी स्वभाव अजून गेलेला नाही आणि या वयात जाणारही नाही. फक्त आता तो मी योग्य जागी वापरतो, तुम्हीही वापरा. माझ्यासारखे भांडे घरात असेल तर उन्हात उघडा, पावसात झाका. आणि आज तुमच्या घरी ज्याने कुणी स्वयंपाक केला असेल, त्याला विचारा, "तू जेवलास का?" तो "हो, मघाशीच" म्हणेल. त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. उठा आणि त्याचे ताट बघून या.