बुडाशी राखलेली मूठ

कणगीच्या बुडाशी मूठभर नागली.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पिवळी चौकट: जागा संपत आली आहे.

एक कुलूप. किल्ली वळचणीला, आणि ती तिथं असते हे अख्ख्या पाड्याला ठाऊक.

निळी पँट, धुऊन घडी केलेली. तिच्या मापाचा माणूस आता त्या मापाचा राहिला नसणार.

कोंबड्यांना उघडं दार लगेच कळतं.

*

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात जव्हारला पुंजाचा डोळा केला, मोतीबिंदू काढला. चुलीच्या धुरापासून लांब राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं आणि थोरल्या मुलाला, रोहिदासला, आयतं निमित्त मिळालं. रोहिदास आश्रमशाळेत मास्तर. जव्हारात भाड्याच्या दोन खोल्या, बायको पुष्पलता, गॅसची शेगडी आणि कुणीतरी वापरून विकलेला एक कॉम्प्युटर, एवढा त्याचा संसार. पुंजाची बायको धोंडीबाई जाऊन तीन पावसाळे झाले होते. म्हाताऱ्याने पाड्यावर, साखरशेतला, एकट्याने राहायचं नाही, असं नवराबायकोनं परस्पर ठरवून टाकलं.

पुंजा हो म्हणाला. आणि आठवडा झाला की जीप धरून साखरशेतला पळू लागला.

"घर झाडून येतो," म्हणायचा.

"बाबा, तुमच्या घराइतकं झाडलेलं घर अख्ख्या तालुक्यात नसेल," पुष्पलता म्हणायची. "जमीन झिजेल आता."

खरं कारण तिघांनाही माहीत होतं. ते कारण म्हणजे लहान्या, पुंजाचा धाकटा. बापाशी भांडून, लावणी अर्ध्यावर टाकून तो वसईकडे रेती काढायला जाणाऱ्या टेम्पोत चढला, त्याला सात वर्षं झाली. आधी निरोप यायचे. मग तो सुरतेकडे गेल्याचं कुणीतरी सांगितलं. मग निरोप आणणारी माणसंही यायची थांबली. रोहिदास दोनदा शोधून आला. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. नाव घेतलं की जेवण तसंच राहायचं, म्हणून.

"कोणी आलंच तर पाडा सांगेल की," रोहिदास एकदा म्हणाला होता.

"कुलूप बघून तो पाड्याला इचारत बसंल? वळखत नाय तू त्याला?"

रोहिदास ओळखत होता. लहान्या शाळेत असताना एकदा घराला कुलूप दिसलं, तर शेजारी न जाता, कुणाला न विचारता, तो पोरगा तसाच मागं फिरून नदीवर जाऊन बसला होता. सगळे कुलूप लावून त्याच्याशिवाय कुठंतरी गेले, हा त्याचा राग. अंधार पडायला आला तरी उठेना. शेवटी धोंडीबाईने खांद्यावर टाकून आणला.

*

रविवारी सकाळी रोहिदास कॉम्प्युटरपुढे कपाळाला हात लावून बसला होता. मागे खाटेवर पुंजा, डोळ्याला काळा चष्मा.

"आज पण जागा नाय म्हणतो काय तो?"

"नाही म्हणतो." रोहिदास खुर्ची फिरवून बसला. बापाला समजावून सांगायला त्याला आवडायचं. शाळेतली पोरं एवढे प्रश्न विचारत नसत. "असं बघा बाबा. हा आपल्या डागडुजीचं सामान फोनच्या तारेतून मागवतो. अपडेट म्हणतात त्याला. आणि आलेलं सगळं साठवून ठेवतो या एका बारक्या खोलीत. सी ड्राइव्ह. शेजारची डी ड्राइव्ह मोठी, ती रिकामी."

"फेकून दे मग."

"फेकलं होतं. यानं पुन्हा सगळं मागवलं. किती दिवस फोन अडकून पडला."

"माझ्या आईला वाटलं मी रागावून रिसीव्हर काढून ठेवलाय," आतून पुष्पलता म्हणाली. "अजून धड बोलत नाही ती."

"तर मग मोठ्या खोलीत हलव."

"तेच करतोय. पण नुसतं हलवून भागत नाही. हा साठा शोधायला जुन्याच जागी येणार. तिथं काही दिसलं नाही की म्हणणार, गेलं वाटतं, आणि परत तिथंच भरायला लागणार. म्हणून जुन्या जागेवर एक खूण ठेवायची. लिंक. गौतमनं दाखवलंय मला." गौतम म्हणजे गावातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. "मग हा येतो जुन्याच दाराशी, पण पाऊल पडतं ते थेट नव्या खोलीत."

पुंजाने चष्मा काढला. काढायचा नव्हता.

"परत सांग."

रोहिदासने परत सांगितलं.

जुना पत्ता: सी ड्राइव्ह, त्यात एक फोल्डर, त्याच्या आत आणखी एक.
नवा पत्ता: डी ड्राइव्ह.

जुना पत्ता: साखरशेत, चिंचेच्या पुढचं घर.
नवा पत्ता: (हा पुंजाने अजून कुणालाच सांगितला नव्हता.)

रोहिदासने नेट तोडलं, अपडेटचं काम थांबवलं आणि सगळ्या फाइली उचलून नव्या जागी टाकल्या. पडद्यावर कागदाची पानं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात उडत राहिली. पुंजा मान पुढे काढून बघत होता.

"बुडाशी ठेवलंस काय?"

रोहिदास हसला. त्यांच्या घरात धान्याची कणगी कधी पुरती रिकामी करत नसत. कितीही ओढगस्त असो, धोंडीबाई मूठभर नागली बुडाशी सोडायची. कणगीला वाटू नये, आपल्याला टाकून गेले. रोहिदासने फार विचार केला नाही. एक बारकीशी फाइल त्याने परत जुन्या फोल्डरमध्ये ठेवली.

"ठेवली, बाबा."

"हां."

मग पडद्यावरच्या काळ्या खिडकीत त्याने लिंकची ओळ लिहिली. नाही झालं. पुन्हा लिहिली. फोल्डर रिकामं नाही, असं मशीन सांगत होतं. शेवटी त्याने गौतमला फोन लावला.

"सर, आत काय ठेवलंय?"

"काही नाही रे. एक फाइल. बाबा म्हणाले, थोडं राहू दे."

पलीकडे गौतम इतका हसला की ते खाटेपर्यंत ऐकू आलं. "सर, देवाला नैवेद्य आहे का तो? जुनी जागा साफ रिकामी पाहिजे, तरच खूण लागते. अर्धं इकडं, अर्धं तिकडं ठेवलं तर त्यानं जायचं कुठं?"

रोहिदासने बापाकडे पाहिलं. बापाने ऐकलं होतं.

"काढ," पुंजा म्हणाला.

"बाबा, ही नुसती फाइल आहे. कणगीची गोष्ट वेगळी."

"काढ रं."

रोहिदासने ती काढली. लिंक पहिल्या फटक्यात लागली.

 जेवून हात धुताना पुंजा म्हणाला, "उद्या साखरशेतला जायचं. तू पण चल. शाळेला सुट्टीच हाय."

"धूर नको म्हटलंय डॉक्टरांनी," पुष्पलता म्हणाली.

"चूल पेटवाय नाय जात गं."

*

वळचणीची किल्ली. कुलूप. आत काळोख आणि झाडलेली जमीन.

कणगी बापलेकांनी मिळून आडवी केली. बुडाशी धोंडीबाईने राखलेली मूठ होती. तिच्यानंतर पुंजाने तिला हात लावला नव्हता. नागलीचं पीठ झालं होतं, वर जाळी धरली होती. तीन वर्षं तो हे राखत होता, आता तर आठवड्यागणिक जीप धरून. ही मूठ दाराशी आलेल्या कुणालाही काही सांगू शकत नव्हती.

पुंजाने ती सुपात घेतली, अंगणात गेला आणि पाखडून टाकली. शेजारच्या फागीच्या कोंबड्या धावत आल्या.

मागोमाग फागी आली. तिच्या घरात दोन सुना आणि नातवंडांची पलटण. झोपायला ती कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी.

"काय रं म्हाताऱ्या, कणगी कशापाय लोळवली? डोळा केला तशी अक्कल पण काढली काय?"

"फागे, तू हितं राहाय ये."

"मी?"

"तू, तुझी चूल, तुझ्या कोंबड्या. दार उघडं राहिलं पायजे. कणगी पण घे, भर तुझी."

फागी सुनांच्या घराकडे बघून घेत पदराने तोंड पुसत राहिली. मग हळू विचारलं, "आणि तू?"

"मी जव्हारला. याच्याकडं. कायमचा."

रोहिदास कणगीची माती झटकत होता, तो थांबला.

"आणि कोण आला तर?" फागीने विचारलं. पाड्यात तीही नाव घेत नसे.

पुंजाला शब्द जुळवायला वेळ लागला. सात वर्षं न वापरलेला शब्द होता तो.

"लहान्या आला," तो म्हणाला, "तर त्याला भाकर दे. मग सांग, बा जव्हारला हाय, आश्रमशाळेच्या रोहिदास मास्तराकडं. म्हणावं, हे घर बंद नाय केलं. वाट पुढं नेली."

खुंटीवर घडी करून ठेवलेली लहान्याची निळी पँट त्याने आधी घेतली नाही. मग विचार बदलला. घडी बगलेत मारली. जुनी जागा साफ रिकामी पाहिजे.

*

पुढच्या रविवारी नेट लागलं आणि अपडेट यायला लागले. रोहिदासने बापाला जवळ बोलावलं. जुनं फोल्डर उघडून दाखवलं. आत नवं सामान दिसत होतं, आणि बारक्या खोलीतली जागा तसूभरही कमी झाली नव्हती.

"त्याला कळलं, घर बदललं?" पुंजाने विचारलं.

"नाही बाबा. त्याला वाटतंय, तो आपल्याच दारात आलाय."

 पुष्पलताने चहा आणून दिला तेव्हा, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, पुंजा म्हणाला, "माझा कप कुठं ठेवतेस ते दाखव."

*

लहान्या आला तेव्हा फागी शेतावर होती. दार उघडं होतं, दारात कोंबड्या होत्या, म्हणून मागं न फिरता तो ओट्यावर बसून राहिला.