राळ धरेपर्यंत

नवरा गेला आणि गच्चीवरची त्याची मधपेटी बाईंच्या गळ्यात पडली. सुरुवातीला त्या कुरकुरल्या, मग त्यांचा जीव तिच्यात अडकला. पण माश्या कमी होत चालल्या, तसा त्यांना घोर लागला. ही पेटीही ओस पडली, तर घरात चाहूल म्हणून कुणाची उरणार नव्हती. शेवटी त्यांनी मधमाश्यांच्या जाणकाराला बोलावलं.

जाणकार आले, जाळीची टोपी चढवली आणि झाकणाच्या फटीत पोलादी पट्टी सरकवली. झाकण अलगद सुटलं. ते थबकले. कडेवरून बोट फिरवलं.

"मावशी, पेटी याआधी कधी उघडलीत?"

"झाले की बरेच दिवस."

"माश्या झाडांची राळ आणून फट बंद करतात. राळ धरली की झाकण सुटताना कटकन वाजतं. इथे राळ धरूच दिलेली नाही कुणी. खरं सांगा, रोज उघडता ना?"

बाईंचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "सकाळी एकदा. आणि दिवेलागणीला. फक्त बघते, कशा आहेत ते."

"येता-जाता कुणी तुमच्या घराचं छप्पर उचलून 'काय चाललंय' विचारलं तर चालेल?"

"चहा टाकीन की," बाई म्हणाल्या.

जाणकार हसले. बाई हसत नाहीत हे पाहून त्यांनी हसू आवरलं आणि माश्या शांत व्हाव्यात म्हणून धूर सोडला.

एकेक चौकट उचलून त्यांनी उन्हात धरली. अळ्या गारठून काळवंडल्या होत्या. राणी कुठेच नव्हती. "सारखं छेडलं की माश्या बिथरतात. कधीकधी आपल्याच राणीला घेरून मारतात."

"म्हणजे मीच मारली?"

जाणकारांनी शेवटची चौकट उचलली. तिच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी एक कोठी लोंबत होती. ती त्यांनी बाईंना दाखवली.

"नवी राणी घडतेय. सगळी भिस्त हिच्यावर. ती बाहेर पडून अंडी घालायला लागेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. एकदासुद्धा नाही. जमणार नसेल तर पेटी मी घेऊन जातो. राग मानू नका."

बाई खाली गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात नवऱ्याची झाकण उघडायची पट्टी होती, मूठ घासून गुळगुळीत झालेली.

"ही न्या. पेटी राहू द्या."

"आणि करमलं नाही तर?"

"ते माझं मी बघेन."

जाणकारांनी पट्टी पिशवीत टाकली. "मी येईन तेव्हा झाकण वाजलं पाहिजे हं, मावशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई नेहमीसारख्या वर गेल्या. सफरचंद चिरायचं म्हणून सुरी घेतली, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. हात शिवशिवत होते. सुरीचं टोक फटीपाशी टेकलं. आतली गुणगुण एका लयीत चालू होती. टोक किंचित आत गेलं आणि चिकट राळेत रुतलं.

बाईंनी सुरी मागे घेतली, पदराला पुसली. मग पेटीपासून लांब, पण तिचं दार दिसेल अशी खुर्ची टाकली आणि सफरचंद चिरलं. सवयीने दोन भाग केले. पायांना पिवळे परागकण लावून माश्या परतत होत्या, आत शिरत होत्या. बाईंनी आपला भाग खाल्ला.

दुसरा भाग दुपारपर्यंत ताटलीत काळा पडला.