वीतभर पाणी

आबांनी उभा जन्म नदीवर काढला. नदीही अशी, की पलीकडच्या काठावरचं माणूस बाई आहे की पुरुष ते कळू नये. तिच्यावर आबांची नाव चालायची. पुढे पूल झाला, नाव काठावर पालथी पडली, बायको गेली, गुडघ्यांनीही संप पुकारला. तेव्हा थोरली लेक त्यांना आपल्या घरी घेऊन आली. धाकटा लेक दूर बंदरावर क्रेन चालवायचा. त्याच्या खोलीत त्याचीच माणसं मावत नव्हती.

थोरली गणवेशांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. एकटीच होती. घर वस्तीच्या टोकाला, ओळीतलं शेवटचं. मागच्या दाराबाहेर उतार होता आणि उताराखाली थोडंसं पाणी वाहत असे. आबांनी आल्या आल्या ते पाहिलं आणि विचारलं, याला काय म्हणता तुम्ही?

"ओढा म्हणतात सगळे," ती म्हणाली.

"ओढ्याची अब्रू घेऊ नका. ओढा ओलांडताना माणूस आधी कपडे वर धरतो. हा ओहोळ. तोही आजारी."

पाण्याच्या नावांबाबत आबा भलतेच काटेकोर. डबक्याला कुणी तळं म्हटलेलं त्यांना खपत नसे. शेजारचा लॉन्ड्रीवाला एकदा बोलता बोलता 'नाला' म्हणून गेला, तर त्याची इस्त्री गार होईपर्यंत आबांनी त्याला सोडलं नाही. नाल्यात लोक घाण सोडतात, या बिचाऱ्यानं तुमचं काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं. तरी रोज दुपारी ते तिथेच जाऊन दगडावर बसत. नावं ठेवायला का होईना, त्यांना पाणी लागायचंच.

एका संध्याकाळी थोरली कामावरून आली तर मागचं दार उघडं. आबा पाण्यात पालथे पडलेले. तिनं हाका मारत त्यांना काठावर ओढलं, लॉन्ड्रीवाला धावत आला, डॉक्टरही आले. पण सगळं केव्हाच आटोपलं होतं. चक्कर येऊन पडले असावेत, डॉक्टर म्हणाले.

तिनं धाकट्याला फोन करून आबा पाण्यात गेल्याचं सांगितलं. त्यानं विचारलं, कसल्या पाण्यात? आणि थोरलीची जीभ अडली. सबंध नदी ज्यानं अंगणासारखी वापरली, तो माणूस ओहोळात गेला, हे तिच्या तोंडून निघेना.

"ओढ्यात," ती म्हणाली. "वर कुठे तरी पाऊस झाला. एकदम लोंढा आला."

बंदराकडचे रस्ते वादळानं बंद होते, त्यामुळे धाकट्याला अंत्यविधीला पोचता आलं नाही. फोनवरून मात्र त्यानं सगळ्यांना कळवलं. आबांच्या जोडीनं नाव वल्हवणारे काका तर म्हणाले, पाण्याच्या माणसाला शेवटी पाण्यानंच नेलं. ते ऐकून थोरलीला क्षणभर बरं वाटलं, आणि मग तिनं उठून मागच्या दाराला कडी घातली.

रस्ते उघडल्यावर धाकटा आला. बॅग दारातच टाकून तो मागे गेला. लॉन्ड्रीवाला तिथे चादरी वाळत घालत होता. बिचारा भलं करायला गेला. हळहळत म्हणाला, एवढ्याशा पाण्यात माणूस जातो म्हणजे काय म्हणायचं!

थोरली उतारावरून खाली आली तेव्हा धाकटा बुटांसकट पाण्यात उभा होता. पाणी जेमतेम बुटांच्या वर आलं होतं.

"लोंढा कुठे आला होता, ताई?"

ती पाण्याच्या कडेला येऊन थांबली.

"मी तिकडे रात्रंदिवस त्या लोंढ्याला शिव्या घालतोय. आणि इथे हे?"

"नव्हताच लोंढा," ती म्हणाली. "एवढंच पाणी होतं. त्यांचा शर्ट पाठीवर कोरडा होता रे. कोणी हात धरून बसतं केलं असतं, तरी वाचले असते. मी कामावर होते."

तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बाहेर येऊन काठावर बसला आणि बूट काढून त्यातलं पाणी ओतू लागला. ओतून झालं तरी बूट तसाच उलटा धरून राहिला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. काकांचा होता. पोचलास का, कुठे घडलं ते पाहिलंस का, असं ते विचारत असावेत. धाकट्यानं थोरलीकडे पाहिलं.

"हो काका, पाहिलं," तो म्हणाला. "मोठा ओढा आहे. दोन्ही काठ खरवडून निघालेत. नाही हो, कुणाचंच काही चाललं नसतं."

ती तिथे थांबली नाही. घरात जाऊन तिनं चहा टाकला. तो त्यानं घेतला आणि सकाळच्या गाडीनं तो परत गेला.

पुढे थोरलीनं ओळीतलीच रस्त्याकडची खोली घेतली. तिथे दिवसभर गाड्यांचा आवाज. धाकट्याचा फोन अधूनमधून येतो. मुलांच्या शाळेचं बोलणं होतं, तिच्या डोळ्यांचं होतं. आबांचा विषय दोघंही काढत नाहीत.