संताच्या शेजेत अडकलेली आत्या

नीवेस आत्या तीन वर्षांची असताना आईबापाबरोबर बोटीने अर्जेंटिनाला गेली, तिचा भाऊ म्हणजे माझे बाबा इथेच राहिले. ती थेट म्हातारपणीच परत आली. तीही संत मारीनोच्या सणाच्या दिवशी! रिमिनी स्टेशनवर गळ्यात पडायच्या आधी तिने विचारलं, "एल्विओ, संताची शेज उघडी असते ना रे?"

"आधी घरी चल. चार घास खा."

"घास काय पळून जातायत? मला त्या खडकात झोपायचंय."

मोठ्या चर्चला लागूनच सान पिएत्रोचं छोटं चर्च आहे. तिथे डोंगरातच कोरलेल्या दोन शेजा आहेत. एकीवर मारीनो निजायचा, दुसरीवर त्याचा सोबती लिओ. पाठ धरली की आमची माणसं तिथे पडून येतात. आत्या पोटात असताना इनेस आजीही तिथे पडली होती आणि ताठ चालत घरी आली होती. परदेशात तिने लेकीला अंगाईसारखी रोज हीच गोष्ट सांगितली.

गाडी संत मारीनोच्याच नावाच्या आमच्या चिमुकल्या देशाच्या हद्दीत शिरली तशी आत्या ओरडली, "एवढंच? ना शिपाई, ना फाटक?"

"फाटक लावलं तर देशाला जागा उरायची नाही, आत्या."

ती एवढी हसली की गाडी हलली. अंगानेही तशी भरभक्कमच बाई.

वर डोंगरावर गर्दी मावत नव्हती. चर्चची किल्ली सांभाळणारा म्हातारा सेत्तिमिओ दारातच आडवा आला. "आत्ता नाही बाई. मिरवणूक निघायचीय. संध्याकाळी या."

"अहो, मी जन्मभर थांबलेय. तुम्ही जरा थांबा की!"

तो बाजूला झाला. पण आत जाताच नवा घोळ. मारीनोची शेज कुठली?

"उजवी," सेत्तिमिओ म्हणाला.

"डावी," मी म्हणालो. "बाबा सांगायचे."

"तुझा बाप डावरा होता. त्याला सगळं डावंच दिसायचं."

"भांडू नका रे," आत्या बूट काढत म्हणाली. "दोन्हींत झोपते. एक तरी लागू पडेल."

पहिलीत ती छान पडली, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली, उठली. दुसरीत आडवी झाली आणि बाहेर घंटा घणघणू लागल्या.

"उठ, आत्या, संताची पेटी निघाली!"

"उठते रे... अरे, उठवत नाहीये!"

सेत्तिमिओने कपाळावर हात मारला. "संता, आजच्या दिवशी?" मी एक हात धरला, त्याने दुसरा. आम्ही ओढतोय, आणि आत्या आत पडून खदाखदा हसतेय. हसली की आणखी घट्ट बसतेय. "हसू नका हो बाई, पाया पडतो!" शेवटी तिने श्वास सोडला, आम्ही हिसका दिला आणि तिघंही फरशीवर!

अनवाणीच ती बाहेर धावली. समोरून संताच्या अस्थींची पेटी खांद्यांवरून येत होती, बँड वाजत होता. मी बूट घेऊन मागे. तिच्या काळ्या झग्याची अख्खी पाठ दगडाच्या भुकटीने पांढरी झाली होती.

शेजारच्या एका म्हातारीने ती पाठ पाहिली. "शेजेतून आलीस होय? कुणाची गं तू?"

"इनेसची."

"बोर्गो गावातली? पायरीवर बटाटे सोलताना गाणारी इनेस?"

आत्याचा चेहराच बदलला. पेटी अगदी समोर आली, लोकांनी क्रूसाची खूण केली, तरी ती त्या बाईकडेच बघत होती. मग माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "एल्विओ, तिकडे जन्मभर लोक विचारायचे, हा कुठला देश, नकाशात दाखव. ही विचारते, कुणाची!"

दुपारी जुन्या दगडखाणीतल्या मैदानात सणाची आडव्या धनुष्यांची नेमबाजी झाली. दोघी म्हाताऱ्या पहिल्या रांगेत हातात हात घालून बसल्या होत्या. बाण सुटला की आत्या स्पॅनिशमध्ये ओरडायची, आणि ती म्हातारी काही न कळता तिच्याहून मोठ्याने.