जाळीमागची काच

मित्रांनो, मी एक जुना बंगला आहे. बंगला म्हटल्यावर कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर आणि नक्षीदार खांब डोळ्यांपुढे आणू नका. माझं छप्पर सपाट, भिंती सरळ आणि पुढच्या बाजूला लांबच लांब छज्जा. भद्रावतीहून माजरीच्या खदानीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी उभा आहे. साठच्या दशकात मी बांधला गेलो तेव्हा आजूबाजूला सगळी कवेलूची घरं होती. लोक माझ्याकडे बघून खो खो हसायचे. "नईमभाऊ, घर बांधलं का डब्बा?" असं तोंडावर विचारायचे. मला अस्सा राग यायचा!

नईमभाऊ बांधकामाचे ठेकेदार होते. कारखान्याच्या वसाहतीत साहेबांसाठी नव्या धाटणीची घरं बांधता बांधता त्यांना वाटलं, असं एक आपल्यालाही पाहिजे. फरशी मोझॅकची केली, जिना भिंतीतून अधांतरी काढला. पण त्यांनी खरा जीव ओतला तो माझ्या जाळीत. रस्त्याकडच्या खोलीला खिडकीऐवजी त्यांनी सिमेंटची मोठी जाळी बसवली. त्यांची बायको जैनबबाई पडद्यात राहायच्या. जाळीतून त्यांना रस्ता दिसायचा, वारा लागायचा आणि बाहेरच्याला मात्र आत कोण बसलंय ते दिसायचं नाही.

जाळीखाली बाहेरच्या अंगाला ओटा होता. एका बाजाराच्या दिवशी, ऐन उन्हात, जवळच्या खेड्यातल्या रुखमाबाई वांग्यांची टोपली घेऊन तिथं टेकल्या. आतून आवाज आला, "पानी पाहिजे का वं?" रुखमाबाई दचकल्याच! "कोन बोलून राह्यलं?" म्हणाल्या. मग दोघीही हसल्या. जैनबबाईंचा लहानगा लेक जिशान पाण्याचा तांब्या बाहेर देऊन आला आणि त्या दिवसापासून दोघींची मैत्री जमली.

पुढे कित्येक वर्षं दर बाजाराला हे ठरलेलं. ओट्यावर टेकलं की रुखमाबाई हाक मारायच्या, "बाई, आली व मी!" मग एक आत, एक बाहेर, मधे मी. सुनांची गाऱ्हाणी, लेकरांचे ताप, धानाला लागलेली कीड, सगळं माझ्या भोकांतून इकडून तिकडे जायचं. "आत ये न वं," जैनबबाई म्हणायच्या. "अन् टोपली कोन पाहीन माही?" हे रुखमाबाईंचं उत्तर. नईमभाऊ वारले तेव्हासुद्धा जैनबबाई मनसोक्त रडल्या त्या जाळीपाशी बसूनच. बाहेर रुखमाबाई बाजार सोडून बसून होत्या.

मग माझे वाईट दिवस आले. स्लॅब गळू लागला. आतल्या सळया गंजून फुगल्या आणि सिमेंटचे पोपडे पडू लागले. रस्त्यावरून दिवसरात्र कोळशाचे ट्रक धावायचे, त्यांची काळी धूळ जाळीतून थेट आत. जैनबबाईंना दमा जडला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, रस्ता नुसता पांढरा दिसायचा. जिशान तोवर नागपुरात नोकरीला लागला होता. लोक त्याला म्हणाले, "पाडून टाक, दुकानं काढ." त्यानं ऐकलं नाही. म्हणाला, "अब्बाचं घर हाय. हे मी सुधरवतो, अन् अम्मी इथीच राहीन."

दोन हजार तीन साली त्यानं आईला बल्लारपूरला आपल्या बहिणीकडे, सायमाकडे ठेवलं आणि काम काढलं. काय सांगू तुम्हाला! गंजलेल्या सळया बदलल्या, मोझॅक घासून आरशासारखा केला, जुन्या रंगाचे थर खरवडून नईमभाऊंनी दिलेला मूळचा फिका पिवळा रंग शोधून काढला. आईसाठी खालीच न्हाणीघर केलं. धूळ येऊ नये म्हणून जाळीला आतल्या बाजूनं जाड, काळसर काच पक्की बसवली आणि खोलीत एसी लावला. बाहेरून पाहिलं तर जाळी होती तश्शीच! कॉलेजातली मुलं माझे फोटो काढायला आली. खरं सांगतो, मी फुलून गेलो होतो.

जैनबबाई परत आल्या. दुसऱ्याच दिवशी बाजार होता. जैनबबाई दुपारपासून जाळीपाशी खुर्ची ओढून बसल्या. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून कान लावून बसल्या. मधे काच आलीय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि रुखमाबाई आल्या हो! पानठेल्यावर त्यांना कळलं होतं, बाई परत आल्यात. ओट्यावर टेकल्या आणि हाक मारली, "बाई, आली व मी!"

आत एसी घुमत होता. काचेतून काही आत गेलं नाही.

"बाई, आमचं गाव उठून राह्यलं, खदानीत गेलं. उद्या आमी लेकीकडे चाललो, अहेरीले. आता काही येनं होत नाई माह्यानं. तुले भेटाले आली." मग त्या पुन्हा म्हणाल्या, "काऊन बोलत नाई वं? राग आला का?"

दोघींच्या मधे एक हाताचंही अंतर नव्हतं. मी सगळं ऐकत होतो. अरे, कुणीतरी दार उघडा रे, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण बंगल्याचं ओरडणं कोण ऐकणार? रुखमाबाई ऊन उतरेपर्यंत बसल्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि उठून गेल्या.

आत जैनबबाई म्हणाल्या, "रुखमा नाई आली आज." पुढच्या बाजाराला तेच म्हणाल्या. त्याच्या पुढच्यालाही.

पावसाळा संपल्यावर रुखमाबाईंचे यजमान रामाजी उठलेल्या गावाच्या मोबदल्याच्या कामासाठी भद्रावतीला आले, तेव्हा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, रुखमा गेली. तापानं गेली. म्हनत होती, बाईचं घर मोठं झालं, आता माह्याशी बोलत नाई."

"मी?" जैनबबाईंचा आवाज फाटला. "मी तं तिचीच वाट पाहून राह्यली होती!"

सुट्टीत घरी आलेल्या जिशानच्या तेव्हा लक्षात आलं. लहानपणी ज्या ओट्यावर तो स्वतः पाणी नेऊन द्यायचा, तो ओटा त्याला आठवलाच नव्हता. तो हातोडी घेऊन धावत आला. "अम्मी, मी आत्ता काच काढतो."

जैनबबाईंनी त्याचा हात धरला. "राहू दे बेटा. आता नुसती धूळच येईन."

मित्रांनो, जिशानची माया खोटी नव्हती. त्यानं मला वाचवलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण तुम्ही एखादं जुनं घर दुरुस्त करायला घ्याल ना, तेव्हा नुसत्या भिंती तपासू नका. त्या भिंतीपाशी रोज कोण बसतं, कुणाशी बोलतं, हे घरातल्या माणसाला आधी विचारा. गळकं छप्पर नंतरही दुरुस्त करता येतं.

बाजाराच्या दिवशी जैनबबाई आता मागच्या खोलीत बसतात.