चुका कुठं पाठवायच्या

चौऱ्याण्णव साली मी साखर कारखान्यात कम्प्युटर ऑपरेटर होते, रोजंदारीवर. कारखान्यात एसी दोनच ठिकाणी, चेअरमनच्या केबिनला आणि आमच्या खोलीला. त्यामुळं आमचे उत्तमराव साहेब स्वतःला अर्धे चेअरमनच समजत.

आमचं मुख्य काम ऊसतोडणीच्या यादीचं. लागणीच्या तारखेवरून कुणाचा ऊस आधी तोडायचा हे कम्प्युटर ठरवायचा. सकाळी एक कमांड दिली की सगळे प्रोग्रॅम एकामागून एक आपोआप चालत आणि यादी छापून निघे. एखाद्या सभासदाचा नंबर मुख्य फाइलमध्ये सापडला नाही, तर त्याचं नाव गळे आणि चूक झाल्याची तशी ओळ यादीत मधेच उमटे. एका मीटिंगमध्ये अशा ओळी बघून संचालक हसले. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"भारती, ही घाण यादीत नको."

मी चुकांची वेगळी फाइल करून दिली. यादी प्रिंटरवर जायची, चुका त्या फाइलमध्ये. फाइल उघडून मी सुटलेले नंबर दुरुस्त करायची. पण त्या वर्षी जमिनीच्या वाटण्या झालेल्या सभासदांना नवे नंबर मिळाले होते आणि ते मुख्य फाइलमध्ये कुणी चढवलेच नव्हते. फाइल फुगत चालली. साहेबांना ती म्हणजे आपल्यावरची तक्रारच वाटायची. एक दिवस ते माझ्या खुर्चीत बसले आणि दोन बोटांनी टाइप करत त्यांनी सगळ्या चुका 'नल'कडे वळवल्या. युनिक्समध्ये नल ही अशी जागा, की तिथं पाठवलेलं कायमचं नाहीसं होतं.

"साहेब, मग कोण सुटलं ते कळणार कसं?"

"सुटलेला माणूस बोंबलत येतोच की. तू यादी काढायचं बघ."

आणि माणसं खरंच बोंबलत आली. गावात तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा माणूस, म्हणजे चिटबॉय. त्याला गाठून, जेवूखाऊ घालून ज्यानं त्यानं आपलं नाव घुसवून घेतलं. फक्त माझे वडील कुणाकडं गेले नाहीत.

मी कॉलनीत राहायची. संक्रांतीला नेवाशाजवळच्या आमच्या गावी गेले, तर आमच्या उसाला तुरे आलेले, म्हणजे तोडीची वेळ टळून चाललेली. वाटणीत जुना नंबर चुलत्यांकडं राहिला होता; त्यांचा शेजारचा ऊस केव्हाच गेला होता.

"अण्णा, तुमी चिटबॉयकडं का न्हाई गेला?"

"आपली पोरगी कम्प्युटरवर बसती आन् मी त्याच्या मागं फिरू व्हय? लोक काय म्हनतील? नंबर लागला की यील चिठ्ठी."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात येऊन मी मुख्य फाइलमध्ये अण्णांचा नवा नंबर शोधला. नव्हताच. तडक साहेबांपुढं उभी राहिले.

"चूक आली होती? दाखव," ते म्हणाले.

"तुम्हीच तर त्या नलकडं..."

"यादी स्वच्छ आहे. तुझ्या वडिलांनी उसाची नोंदच केली नसेल. आणि ऑपरेटरच्या घरचा ऊस आधी तोडला, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

त्यांनी अण्णांचं नाव यादीच्या तळाला घातलं. चैत्रात ऊसतोडीची टोळी आली तेव्हा निम्म्या उसाचं चिपाड झालं होतं.

तोडणी बघायला गावातला बन्सी बांधावर येऊन बसला. मी तिथंच होते.

"काय पुंजाराम, पोरीच्या मशीननं तुलाच वगाळलं व्हय?"

"न्हाई रं," अण्णा म्हणाले. "म्याच नोंद केली न्हवती. इसारलो."

नोंद त्यांनी माझ्यासमोर केली होती. मी तोंड उघडलं, तर त्यांनी डोळे वटारले. मग बन्सी ऐकेल अशा आवाजात ते पुन्हा म्हणाले, मशीनचा काही दोष नाही, साहेब लई चांगला माणूस हाय.

माझी नोकरी टिकावी म्हणून बोलत होते, हे मला कळत होतं. तरी त्या घडीला उत्तमरावांपेक्षा मला अण्णांचाच जास्त राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.